उशिरा लावलेला षड्ज

सॉमरसेट मॉम या इंग्रज कादंबरीकाराची ‘द मून अँड सिक्सपेन्स’ ही कादंबरी १९१९ साली प्रसिद्ध झाली. शंभरांहून अधिक वर्षे लोटली तरी ती अजून वाचली जाते, आणि चाळिशी गाठलेल्या, नोकरीत जीव न रमणाऱ्या माणसांच्या हातांतून तर ती विशेष फिरत असते. ‘वाचा, म्हणजे धीर येईल’ असे म्हणून एकजण ती दुसऱ्याला देतो. मलाही ती अशाच शिफारशीने मिळाली. माझ्याकडे संध्याकाळी गाणे शिकावयास येणारे एक गृहस्थ आहेत, वय बेचाळीस. नोकरी सोडून केवळ गाण्याला वाहून घ्यावे असे त्यांच्या मनात घोळत आहे. त्यांनी पुस्तक दिले आणि अभिप्राय विचारला. तो एकट्या त्यांनाच सांगण्यापेक्षा चार वाचकांपुढे मांडावा असे वाटले, कारण असे प्रश्न मनात बाळगणारी माणसे आपल्या शहरात थोडी नाहीत.

अभिप्राय थोडक्यात सांगायचा तर कादंबरीने निराशा केली. ती वाईट लिहिली आहे म्हणून नव्हे. विषय मोठा घेऊन लेखकाने त्याचा गाभाच टाळला, म्हणून.

कथानक थोडक्यात असे. चार्ल्स स्ट्रिकलंड हा लंडनचा शेअरदलाल. वय चाळीस, सतरा वर्षांचा संसार, दोन मुले. एके दिवशी तो घर सोडून पॅरिसला निघून जातो. बायकोची समजूत अशी की तो कोण्या बाईबरोबर पळाला. त्याला परत आणावयास ती कथा सांगणाऱ्या तरुण लेखकाला पाठवते. पॅरिसमध्ये तो पाहतो तर बाई नाही, चैन नाही; एका कळकट हॉटेलात स्ट्रिकलंड एकटा राहतो आहे आणि त्याला फक्त चित्रे काढावयाची आहेत. पुढे तेथेच तो आजारी पडतो. डर्क स्ट्रूव्ह नावाचा एक सज्जन डच चित्रकार त्याला घरी आणून त्याची शुश्रूषा करतो. स्ट्रूव्हची बायको ब्लान्श स्ट्रिकलंडच्या नादी लागते, तो तिला टाकतो, ती विष घेऊन मरते. अखेर स्ट्रिकलंड ताहिती बेटावर जातो, तेथील आटा नावाच्या मुलीशी संसार मांडतो, महारोगाने आंधळा होतो, घराच्या भिंतींवर आपले सर्वश्रेष्ठ चित्र रंगवतो आणि मरताना ते घर जाळून टाकावयास सांगतो.

यांत चांगले काय ते आधी सांगितले पाहिजे. पॅरिसमधील पहिल्या भेटीचा प्रसंग बहारीचा आहे. घर सोडलेल्या माणसाला लाज, पश्चात्ताप, समर्थन यांपैकी काहीच नाही, आणि समजूत घालावयास आलेला तरुणच गोंधळून जातो, हे मॉमने फार नेमके टिपले आहे. स्ट्रूव्ह तर विसरता येणार नाही. हा बिचारा स्वतः सामान्य चित्रे काढतो, पण दुसऱ्याचे मोठेपण त्याला सर्वांच्या आधी कळते. आपल्याकडे मैफलीत पुढच्या रांगेत असे एखादे गृहस्थ बसलेले असतात. स्वतःला धड ठेकाही धरता येत नाही, पण अचूक जागी मान डोलते. अशा माणसाविषयी इतक्या कणवेने क्वचितच कोणी लिहिले असेल.

परंतु ज्यासाठी आपण पुस्तक हाती घेतो ते त्यात नाही. चाळिसाव्या वर्षी माणूस नवी विद्या शिकू लागतो तेव्हा काय होते? स्ट्रिकलंड घर सोडण्यापूर्वी वर्षभर रात्रीच्या वर्गाला जात होता. बायकोला वाटे, स्वारी क्लबात पत्ते खेळते आहे. हा तपशील मॉमने दिला आणि मला आनंद झाला. म्हटले, आता शागिर्दी पाहावयास मिळेल. पण तो वर्ग एका वाक्यात आला आणि गेला. तेथे मास्तर कोण होते, शेजारी बसलेल्या विशीतल्या पोरांनी या टक्कल पडू लागण्याच्या वयातल्या शेअरदलालाकडे कसे पाहिले, पहिली रेघ किती वाकडी आली, काही नाही. पाच वर्षांनी निवेदक त्याची चित्रे पाहतो तेव्हा ती त्याला ओबडधोबड वाटतात. पुढे तीच चित्रे थोर ठरतात. ओबडधोबड आणि थोर यांच्यामधला पूल कोणी, कसा बांधला, हे लेखक सांगत नाही. आपल्याकडे म्हणतात तसे, पी हळद अन् हो गोरी!

मॉमचे चाहते म्हणतील की निवेदक बाहेरचा माणूस आहे; कलावंताच्या अंतरंगात शिरण्याचा तो दावाच करीत नाही. ठीक आहे. पण रियाज हा काही अंतरंगातला व्यवहार नव्हे. तो बाहेरून दिसतो. खोडलेले कागद, वाया गेलेले कापड, शंभरदा काढलेला तोच हात, हे सारे खोलीत शिरणाऱ्या कोणालाही दिसेल. शेजारी राहणाऱ्याला गवयाचे अंतरंग कळत नसेल, पण पहाटेचा खर्ज त्याला ऐकू येतोच. कधीकधी नको इतका ऐकू येतो!

येथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. गेली वीस वर्षे मी मुलांना आणि मोठ्या माणसांना शिकवीत आहे. लहानपणी शिकणे आणि प्रौढपणी शिकणे यांतला मुख्य फरक गळ्याचा आहे असे लोक समजतात. तो आहे कानाचा. आठ वर्षांचे पोर बेसूर गाते तेव्हा ते त्याला कळत नाही, म्हणून त्याला दुःखही होत नाही. ते हसत गाते, आणि गाता गाता कान आणि गळा बरोबरीने वाढतात. चाळिशीच्या माणसाचे तसे नाही. भीमसेन, कुमार गंधर्व, किशोरीताई यांचे गाणे त्याने पंचवीस वर्षे ऐकलेले असते. कान चाळीस वर्षांचा आणि गळा पहिल्या दिवसाचा! तंबोऱ्याशी षड्ज लावला की तो केसभर उतरला आहे हे इतर कोणाच्या आधी त्यालाच कळते. कळते, पण तो उचलता येत नाही. कचेरीत ज्याच्या सहीवाचून कागद हलत नाही असा माणूस माझ्यापुढे मांडी घालून बसतो, शेजारी दहा वर्षांची मुलगी तोच पलटा सहज म्हणून जाते, आणि याच्या कपाळावर घाम येतो. पुष्कळजण येथेच गळतात. जे टिकतात त्यांना दैवी साक्षात्कार झालेला नसतो. आपला कणसूर रोज ऐकण्याची ताकद त्यांनी कमावलेली असते.

कादंबरीकाराला येथे केवढे रान मोकळे होते! स्ट्रिकलंड एके ठिकाणी म्हणतो की अठराव्या वर्षी शिकलो असतो त्यापेक्षा आता मी लवकर शिकेन. ही बढाई अगदीच खोटी नाही. रागाचे व्याकरण, तालाचा हिशेब, बंदिशीतल्या शब्दांचा अर्थ प्रौढ माणसाला मुलांपेक्षा लवकर उमगतो. विलंबित तिलवाड्यात सम कोठे येणार याचा अंदाज एकदा बसला की तो हलत नाही. पण तान पळत नाही, आवाज तिन्ही सप्तकांत फिरत नाही. काय साधेल आणि काय या जन्मी साधणार नाही, याचा खडा हिशेब त्याला स्वतःशी करावा लागतो, आणि तो करूनही दुसऱ्या दिवशी पहाटे उठावे लागते. चाळिशीतल्या आरंभाचे खरे नाट्य ते. मॉमच्या नायकाला हा हिशेब कधी करावाच लागत नाही. त्याचे वय चाळीस सांगितले आहे एवढेच. चाळीस वर्षांचे ओझे त्याच्या अंगावर कोठे दिसत नाही.

बरे, हे पात्र ज्याच्यावरून घेतले त्या पॉल गोगँ या फ्रेंच चित्रकाराची खरी हकीकत पाहावी तर ती कादंबरीहून अधिक वाचनीय आहे. गोगँचा जन्म १८४८ चा. तोही शेअरदलालीच्या धंद्यात होता. पण १८७३ च्या सुमारास, म्हणजे पंचविशीतच, तो फावल्या वेळात चित्रे काढू लागला. १८७६ साली पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनात त्याचे एक निसर्गचित्र लागले. पिसारोसारखा मातब्बर चित्रकार त्याला गुरू म्हणून लाभला आणि १८७९ पासून तो इम्प्रेशनिस्ट मंडळींच्या प्रदर्शनांत भाग घेऊ लागला. १८८२ साली पॅरिसचा शेअरबाजार कोसळला, त्यानंतर त्याने तो धंदा सोडला. तेव्हा तो पस्तिशीच्या आसपास होता आणि त्याच्या मागे दहा वर्षांचा रियाज होता. शिवाय धंदा सोडताच विजय मिळाला असेही नाही. बायकोच्या माहेरी, कोपनहेगनला जाऊन ताडपत्री विकण्याचा उद्योगही त्याने करून पाहिला, आणि तो फसला. ताहितीला तो गेला १८९१ मध्ये. बायकामुलांशी आणि पुढे ताहितीतल्या कोवळ्या मुलींशी त्याचे वागणे कसे होते याकडे आज जग कठोरपणे पाहते, आणि ते योग्यच आहे. पण चित्रकलेपुरते बोलायचे तर तो विजेचा लोळ अंगावर पडलेला माणूस नव्हता. संध्याकाळी आणि रविवारी हात घासून तयार झालेला गडी होता. मॉमने ती दहा वर्षे पुसून टाकून तेथे एक रात्रीचा वर्ग ठेवला, आणि माणसाचा चमत्कार केला.

आपल्या संगीतात याहून जवळचे उदाहरण आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० चा. १८८७ साली ते एल्‌एल्‌. बी. झाले व वकिली करू लागले. १९०० साली पत्नी गेली, १९०३ साली एकुलती मुलगी गेली. त्रेचाळिसाव्या वर्षी संसाराचा धागा तुटला आणि या माणसाने उरलेले आयुष्य संगीताला दिले. १९०४ साली दक्षिणेची यात्रा. मग उत्तरेत गावोगाव हिंडून, उस्तादांची मनधरणी करून बंदिशी मिळवणे. १९१६ साली बडोद्याची संगीत परिषद. १९१८ साली आपल्या ग्वाल्हेरीतले माधव संगीत विद्यालय. १९२६ साली लखनौचे कॉलेज. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ आणि ‘क्रमिक पुस्तकमालिका’ ही त्यांची मराठी ग्रंथसंपदा आज प्रत्येक संगीतशिक्षकाच्या कपाटात असते. मध्यान्ही पालटलेल्या आयुष्याची याहून मोठी कथा कोणती? पण ही कथाही शून्यापासून सुरू होत नाही. विद्यार्थिदशेतच त्यांनी सतार हाती घेतली होती. मुंबईच्या गायनोत्तेजक मंडळीत ते १८८४ पासून जात होते आणि तेथे ध्रुपदे व ख्याल शेकड्यांनी शिकले होते. वकिली चालू होती आणि संध्याकाळी संगीत. दुःखाने दार उघडले हे खरे, पण आतल्या खोलीत वीस वर्षांची साठवण होती. आणि गाण्यासाठी त्यांनी कोणाला टाकले नाही, कोणाचे घर मोडले नाही.

मॉमच्या कादंबरीवर माझा दुसरा आक्षेप येथेच येतो. स्ट्रिकलंडचा दुष्टपणा हा तिथे जणू त्याच्या प्रतिभेचा दाखला म्हणून वापरला आहे. बायको उपाशी मरो, स्ट्रूव्हचे घर उद्ध्वस्त होवो, ब्लान्श विष घेवो, तो ढिम्म. आणि तो ढिम्म आहे म्हणून थोर! अमुक गवई थोर होते कारण ते तऱ्हेवाईक होते, असे सांगणारी मंडळी आपल्याकडेही आहेत. दरबारी गवयांच्या तऱ्हांच्या गोष्टी माझ्या घरात मी पुष्कळ ऐकल्या. पण त्याच माणसांनी एकेका पलट्यावर महिनेच्या महिने घालवले, ही गोष्ट कोणी रंगवून सांगत नाही, कारण तिच्यात रंगवण्याजोगे काही नाही. तऱ्हा उचलणे सोपे, पलटा घोटणे कठीण. ही कादंबरी वाचून एखाद्याने रियाजाऐवजी तऱ्हाच उचलली, तर त्याची बायकापोरे त्याची किंमत भरतील.

आणि आता मला सर्वांत खटकलेली गोष्ट. या कादंबरीत मध्यान्ही आयुष्य खरोखर नव्याने सुरू करणारे एक माणूस आहे, पण ते स्ट्रिकलंड नव्हे. ती त्याची बायको. नवरा निघून गेला, हाती पैसा नाही, दोन मुले पदरात. सदतिशीच्या घरातली ही बाई टंकलेखन आणि लघुलेखन शिकते, चॅन्सरी लेनमध्ये कचेरी उघडते, हाताखाली मुली ठेवते आणि घर चालवते. आजवर साहित्यिकांना जेवावयास बोलावणे एवढाच जिचा उद्योग, तिने बोटांना नवे वळण लावले. तिच्या पाठीशी ना प्रतिभा, ना जुनी साठवण. हा शून्यातून आरंभ! मॉम त्यावर किती वेळ थांबतो? काही ओळी. आणि त्या ओळींतही उपहास आहे, की पोटासाठी काम करावे लागते याची तिला लाज वाटते. पुढे दिवस पालटल्यावर ती म्हणते की तो उद्योग आपण हौसेखातर करीत होतो. लेखक येथे हसतो. मला हसू आले नाही.

त्याचे कारण घरचे आहे. माझे वडील जवळच्याच एका लहान संस्थानात दरबारी गवई होते. संस्थाने विलीन झाली तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. त्यानंतरही वाड्यातली सणावाराची गाण्याची सेवा आणि तिचे बेताचे वेतन चालू राहिले. १९७१ साली राजेलोकांचे तनखे रद्द झाले आणि तेही थांबले. यात कोणाचा दोष नव्हता, काळच पालटला. वडील तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण आईने सांगितले आहे की एका शाळेत संगीतशिक्षकाची जागा होती आणि तिच्यासाठी भातखंडे स्वरलिपी येणे जरूर होते. वडिलांची सारी विद्या कानावाटे आलेली. मंद्राच्या स्वराखाली टिंब, तारेच्या स्वरावर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, एका मात्रेतल्या स्वरांखाली चंद्रकोर: ही लिपी ते रात्री दिवा लावून गिरवीत. ज्या बंदिशी झोपेतही गाता येत, त्या कागदावर उतरवताना चुकत. दिवसा कोणी विचारले तर सांगत, ‘जुनी कागदपत्रे पाहतो आहे.’ शिकवणीला जाताना ‘शिकवणीला जातो’ असे ते पुढे वर्षानुवर्षे म्हणाले नाहीत. ‘जरा फिरून येतो’ म्हणत. त्यांनी शिकवलेल्या मुली आज स्वतः शिकवीत आहेत. एका वकिलाने उत्तरवयात जी लिपी रूढ केली, ती एका गवयाला एक्केचाळिसाव्या वर्षी अन्न देऊन गेली.

तेव्हा मिसेस स्ट्रिकलंडची लाज मला परकी नाही. ती लाज म्हणजे क्षुद्रपणा नव्हे. ज्याचा एका ठिकाणी मान होता, त्याने दुसऱ्या ठिकाणी पहिल्या इयत्तेत बसावयाचे, याची ती वेदना आहे. लाज वाटत असूनही तो बसतो, यात सारे आले. हे ज्याला दिसले असते त्याने खरी कादंबरी लिहिली असती.

या कादंबरीच्या नावाची हकीकत मजेशीर आहे. मॉमच्या आधीच्या ‘ऑफ ह्यूमन बाँडेज’ या कादंबरीवर लिहिताना एका टीकाकाराने म्हटले होते की तिचा नायक चंद्राच्या ध्यासात इतका गुंग आहे की पायाशी पडलेले सहा पेन्सांचे नाणे त्याला दिसत नाही. ते शब्द मॉमने उचलले आणि पुढल्या कादंबरीला दिले. दुर्दैव असे की या वेळी नाणे लेखकालाच दिसले नाही. ते चॅन्सरी लेनच्या कचेरीत, टंकलेखनयंत्राशेजारी पडले होते.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. नोकरी सोडावी की नाही, हे कादंबरीला विचारू नये. आपल्या संध्याकाळांना विचारावे. गेल्या पाच वर्षांतल्या किती संध्याकाळी तंबोरा जुळवून षड्ज लावला, आणि तो उतरला तेव्हा किती वेळा पुन्हा लावला, याचा हिशेब मांडावा. साठवण असेल तर दार केव्हाही उघडता येईल. नसेल तर ती आजपासून करावी. त्यासाठी पॅरिसला जावे लागत नाही, की घरच्यांचा घासही काढून घ्यावा लागत नाही. उशिरा लावलेला षड्जही षड्जच असतो. फक्त तो रोज लावावा लागतो.